डायलिसिस सेंटर रेडी आहे, सही तेवढी बाकी आहे

मा. संपादक,

पेपरात अधूनमधून बातमी असते की अमुक तालुक्यात डायलिसिस सेंटर होणार, नारळ फोडतानाचा फोटो पण असतो. पुढे ते सुरू झालं का, नाही झालं तर कुठे अडलं, हे मात्र कोणी छापत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

सातपुड्याच्या पायथ्याशी एका तालुक्याच्या गावात एका डॉक्टरांनी कर्ज काढून पाच मशीनचं सेंटर उभं केलंय. गावाचं नाव लिहीत नाही, नाहीतर त्यांची फाईल गठ्ठ्यात अजून खाली जायची. मी आत जाऊन बघून आलो. मशीनवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही, एसी बसलाय, जनरेटर आहे, मागच्या खोलीत पाणी शुद्ध करायचा आरओ प्लांट आहे आणि गंमत म्हणजे तो प्लांट पेशंट नसताना पण चालवावा लागतो कारण पाणी पाइपात साचून राहिलं की त्यात जंतू वाढतात. म्हणजे टेक्निशियन येतो, पाणी फिरवतो, सोडून देतो आणि शटर ओढून घरी जातो. बँकेचा हप्ता काय थांबत नाही. अडलंय कुठे तर रजिस्ट्रेशनवर, म्हणजे सेंटर चालवायच्या सरकारी परवान्यावर.

आता यात नुकसान कोणाचं ते साधा हिशोब करून बघा. एका पेशंटला एका वेळी चार तास लागतात, दिवसाला तीन शिफ्ट धरा, आठवड्यातून तीनदा डायलिसिस धरा, सोम-बुध-शुक्रची एक बॅच आणि मंगळ-गुरु-शनीची दुसरी, तर एका मशीनवर सहा माणसं बसतात. पाच मशीनवर तीस. शटर बंद म्हणजे तीस माणसं एक दिवसाआड एसटीनं जळगाव, धुळे नाहीतर रेल्वेच्या ताप्ती लाईननं थेट सुरत गाठताहेत. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडच्यांचं तर विचारूच नका, पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली की डायलिसिसचा वार चुकलाच. आणि वार चुकणं म्हणजे काय ते ज्याच्या घरात पेशंट आहे त्यालाच कळतं, अंगात पाणी भरतं, रात्री आडवं झोपता येत नाही, पोटॅशियम वाढलं तर हार्ट बंद पडू शकतं. माझे वडील डायलिसिसवर आहेत. आम्ही केळीच्या पट्ट्यातले, शेतात घड लटकलेले आणि त्यांना पोटॅशियमपायी केळं तोंडात टाकायची बंदी, मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला तरी पाणी मोजून प्यायचं. त्यात प्रवास. तीन वेळा सांगितलेलं असताना लोक दोनच वेळा जातात ते उगाच नाही, पेशंटची मजुरी बुडते आणि सोबत जाणाऱ्याची पण बुडते. स्टँडवर एक म्हातारे भेटतात नेहमी, हाताला पट्टी बांधलेली, विचारलं की म्हणतात, "जानंच पडस ना भो."

पैशाची सोय सरकारनं केलेली नाही असं मी म्हणणार नाही. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ ला पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात आपला धुळे होता, आता तीच महात्मा फुले योजना झाली, तिच्यात डायलिसिस बसतं. केंद्रानं २०१६-१७ च्या बजेटमध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला, जिल्हा रुग्णालयात गरिबांना फुकट सोय झाली. चांगलंच झालं. पण योजनेचं कार्ड खिशात आणि मशीन शंभर किलोमीटरवर, काय करायचं त्या कार्डाचं? आणि खाजगी सेंटरला योजनेत यायचं तर आधी रजिस्ट्रेशन पाहिजे, म्हणजे ते लटकलं की पुढचं सगळंच लटकलं.

आपल्याकडे हे चालतं १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यावर, २०२१ ला त्याचे नियम सुधारले. रजिस्ट्रेशन देणार शहरात महापालिका आणि बाकी ठिकाणी जिल्हा शल्यचिकित्सक म्हणजे सिव्हिल सर्जन. त्यासोबत फायरची एनओसी, प्रदूषण मंडळाचं, बायोमेडिकल कचऱ्याचं, इमारतीचं, झालंच तर डॉक्टर-नर्सच्या नोंदणीचे कागद. एकेक कागद बघितला तर चूक एकही नाही. चूक अशी की हे सगळं रांगेनं चालतं, एकाचा कागद आल्याशिवाय दुसरा फाईल उघडत नाही, तिसऱ्यानं त्रुटी काढली की परत पहिल्याकडे, आणि त्रुटी सगळ्या एकदम सांगत नाहीत, एक पुरी केली की दुसरी निघते. त्या डॉक्टरांना एका टेबलावर सरळ सांगितलं की एजंट धरा, लवकर होईल. आता एजंट धरल्यावर जे लवकर होतं ते एजंटशिवाय का होत नाही, हे मला कोणीतरी समजावून सांगा. सिव्हिल सर्जनचं पण खरं आहे, एका माणसाच्या डोक्यावर अख्खं हॉस्पिटल, मेडिकल बोर्ड, सर्टिफिकेटं, मीटिंगा, त्यात तालुक्याला इन्स्पेक्शनला जायला दिवस कधी निघणार?

काही लोक म्हणतात परवाना बिरवाना काढूनच टाका. मला ते अजिबात पटत नाही. एका डायलिसिसला साधारण १२० लिटर पाणी लागतं आणि ते एका पातळ पडद्यापलीकडून पेशंटच्या रक्ताला लागून जातं, पाणी खराब असेल तर माणूस मशीनवरच थरथरायला लागतो. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड ते घरातल्या गिझरला विचारा. कावीळ बी, सी नाहीतर एचआयव्हीच्या पेशंटची मशीन वेगळी ठेवली नाही तर एकाचं दुखणं दुसऱ्याला जायची भीती. आणि भंडाऱ्याला जानेवारी २०२१ मध्ये जिल्हा रुग्णालयाच्या आगीत दहा बाळं गेली, त्यानंतर फायरची तपासणी सोडा असं म्हणायची कोणाची हिंमत होऊ नये. तपासणी कडकच करा, फक्त तारीख देऊन करा. हे जे रक्ताशी आणि आगीशी संबंधित आहे त्यात सूट नको, बाकी एकच कागद चार ऑफिसला चार झेरॉक्स करून द्यायचा तो प्रकार बंद करा.

माझं म्हणणं एवढंच की अर्ज आला की सगळ्या खात्यांकडे एकाच दिवशी जाऊ दे, पाण्याचं सॅम्पल पण त्याच दिवशी घ्या कारण पाण्यात जंतू वाढतात का ते बघायच्या कल्चरच्या रिपोर्टला आठवडाभर तरी जातोच, सगळे जण एकाच दिवशी इन्स्पेक्शनला या आणि त्रुटी काय त्या एकाच कागदावर लिहून द्या. जळगाव, धुळे, नंदुरबार या खान्देशच्या तिन्ही जिल्ह्यांत आता सरकारी मेडिकल कॉलेज आहेत, तिथला एखादा डॉक्टर तपासणीला जोडून दिला तर सिव्हिल सर्जनचं ओझं पण कमी होईल. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहेच, कारण नसताना वेळ लावणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार दंड त्यात लिहिलाय, तर डायलिसिस सेंटरच्या परवान्याला त्याखाली तीस दिवसांची मुदत घाला आणि खरंच पाळा. ज्या तालुक्यात एकही मशीन नाही तिथले अर्ज आधी घ्या, जळगाव शहरातलं आणखी एक सेंटर महिनाभर थांबलं तर कोणाचं बिघडत नाही, धडगावचं थांबलं तर बिघडतं. आणि फाईल आज कोणाच्या टेबलावर आहे, किती दिवसांपासून आहे, ते अर्जदाराला मोबाईलवर दिसू द्या, म्हणजे तेवढं विचारायला एजंटला चहा पाजावा लागणार नाही.

आपला,
एका डायलिसिस पेशंटचा मुलगा, खान्देश