प्लाझा मुरिल्यो : वर गाडीने, खाली पायी

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बोलिव्हियातल्या ला पाझचा प्लाझा मुरिल्यो हा चौक तसा आटोपशीर. बघायला तास पुरतो. दमवतो तो तिथे पोचायचा चढ. चौक साधारण ३,६४० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. विमानतळ तर एल आल्तोत, ४,००० मीटरच्याही वर. उतरल्यावर तिथे रेंगाळू नका, सामान मिळालं की थेट खाली या. पहिल्या दोन रात्री शहराच्या दक्षिण भागात काढा. तो चौकापेक्षा तीनेकशे मीटर खाली आहे, झोप बरी लागते.

बाबा, डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) तुमच्या बीपीच्या गोळ्यांबरोबर चालेल का, हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांगा. डोकं दुखणं, भूक जाणं चालायचंच. पण बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जायला लागला, तर उद्यावर टाकायचं नाही. ताबडतोब डॉक्टर गाठायचा आणि खाली उतरायचं. कोकाच्या पानांचा चहा खुशाल प्या, पण आई, पानं पर्समध्ये टाकून आणू नकोस. बोलिव्हियाबाहेर बहुतेक ठिकाणी ती बेकायदा आहेत.

चौकात सकाळीच जा. सान फ्रान्सिस्को चर्चपासून नकाशावर अंतर किरकोळ दिसतं आणि लोक उत्साहाने चालत सुटतात, पण तो सगळा चढ आहे. वर टॅक्सीनेच जा. पोलिसांनी रस्ते अडवले असतील तर त्या दिवशी बेत रद्द करा. मोर्चा निघाला की सगळ्यात आधी हाच चौक बंद होतो. २६ जून २०२४ ला तर लष्कराची चिलखती गाडी राजवाड्याच्या दारावर येऊन धडकली होती.

तो राष्ट्राध्यक्षांचा राजवाडा म्हणजे पालासिओ केमादो. १८७५ च्या उठावात जळला, तेव्हापासून त्याला 'जळका राजवाडा' म्हणतात. शेजारी कॅथेड्रल. समोरच्या दिव्याच्या खांबाला २१ जुलै १९४६ रोजी जमावाने राष्ट्राध्यक्ष विल्यारोएल यांना लटकवलं. ज्याच्या नावाचा चौक, त्या स्वातंत्र्यासाठी उठाव करणाऱ्या मुरिल्योलाही स्पॅनिश सत्तेने १८१० मध्ये इथेच फाशी दिली.

आता संसदेच्या इमारतीवरचं घड्याळ बघा. २०१४ पासून ते उलटं चालतं. बारा वर आणि सहा खालीच आहेत, पण आपल्या तीनच्या जागी नऊ आहे. त्यामुळे काट्याच्या दिशेवरून अंदाज बांधू नका, आकडा वाचा. कारण मला तरी पटतं: दक्षिण गोलार्धात सूर्यघड्याळाची सावली डावीकडेच फिरते.

आई, कबुतरांसाठी दाणे विकायला बसलेले असतात. घ्यायचे तर मूठभरच घे. हातात पुडी दिसली की कबुतरं थेट खांद्यावर येतात. ऊन कडक आणि सावलीत गारठा, म्हणून टोपी आणि स्वेटर दोन्ही हवेत. सुटे बोलिव्हियानो जवळ ठेवा, मोठी नोट मोडायला कुणी राजी नसतं.

परतताना काये कोमेर्सिओने चालत उतरा. रस्ता पादचाऱ्यांचा आहे, तो सान फ्रान्सिस्कोसमोर निघतो. सालतेन्या (करंजीसारखा भाजलेला पदार्थ) दिसल्या तर आत मांस आहे असंच धरून चाला. तुमच्यासाठी जांभळ्या मक्याचं गरम पेय, आपी, बरं. पहिल्या दिवशी रात्रीचं जेवण हलकंच ठेवा.

तुमची,
मनू