फोटोला मागची बाजू पण असते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला आमच्या कॉलेजच्या ‘डिजिटल ठेव्या’वरचा लेख वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं आपणच घाईत काहीतरी चुकीचं वाचतोय. सगळं स्कॅन झालं, आता पुढच्या पिढ्यांना काळजी नाही म्हणे. अभिनंदन.

त्या ठेव्यात माझा पण एक फोटो आहे. ब्लॅक अँड व्हाइट, जुन्या इमारतीच्या पायऱ्यांवर आम्ही अकरा जण आणि मधोमध लायब्ररीतले शिपाईमामा, त्या दिवशी ते रिटायर होत होते म्हणून. मागच्या बाजूला पेन्सिलीने सगळ्यांची नावं, ओळीप्रमाणे, आमच्या एका मैत्रिणीच्या अक्षरात. ती आता नाही. फोटो देताना मी दोनदा सांगितलं की मागची बाजू पण स्कॅन करा, तर हो हो म्हणाले. चार महिन्यांनी बघायला गेलो तर फक्त पुढची बाजू, आणि फाइलचं नाव ‘आयएमजी ०४१२’. मूळ फोटो मागितला तर म्हणाले, “स्कॅन झालाय ना सर, कपाटात जागा नव्हती, जुनं सगळं काढलं.” काढलं म्हणजे रद्दीत. आता मामांचं आडनाव आमच्यापैकी कुणालाच आठवत नाही, सगळे मामाच म्हणायचो ना.

कोण, कुठे, कधी, कुणी काढला हे सोबत लिहिलेलं नसेल तर तो ठेवा कसला, तो नुसता ढीग. आणि हे काही अवघड काम नाही हो. ‘डब्लिन कोअर’ म्हणून अशी माहिती भरायची पंधरा रकान्यांची साधी यादी आहे, १९९५ पासून लोक त्यावर काम करतायत (हे डब्लिन आयर्लंडमधलं नाही, अमेरिकेतल्या ओहायोतलं). एमआयटी आणि एचपीने २००२ मध्ये काढलेलं, असा डिजिटल ठेवा माहितीसकट सांभाळायचं ‘डीस्पेस’ सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पण रकाने भरायला माणूस बसवावा लागतो आणि त्याचं उद्घाटन करता येत नाही.

लेखात कौतुकाने लिहिलंय की माजी विद्यार्थ्यांकडून फोटो व्हॉट्सअपवर मागवले. तिथे फोटो आपोआप दाबून लहान होतो हे कुणीतरी सांगायला हवं होतं. चित्रकलेच्या मुलांची जलरंगातली चित्रं ‘टिकावीत म्हणून’ लॅमिनेट केली, हे वाचून तर हात जोडले. एकदा उष्णतेने आणि गोंदाने प्लॅस्टिक चिकटलं की चित्र खराब न करता ते सुटत नाही. आणि विद्यार्थ्यांचे रिसर्च प्रोजेक्ट? आमच्या बॅचने आवारातलं एकेक झाड मोजून नकाशा केला होता, त्यातली निम्मी झाडं आता पार्किंगखाली आहेत, म्हणजे ती होती याचा पुरावा म्हणजे तो रिपोर्टच. ठेव्याच्या यादीत तो ‘विद्यार्थी प्रकल्प, इतर’ एवढाच आहे आणि उघडला तर फक्त कव्हर.

आता तुमच्याबद्दल. लेखासोबत तुम्ही जो फोटो छापलाय ना, तो हाच, आयएमजी ०४१२. खाली फक्त ‘संग्रहित छायाचित्र’. जागेत बसवायला उजवी कड कापलीत, आणि नावं लिहिणारी मैत्रीण नेमकी त्याच टोकाला बसली होती.

एवढंच करा, हे पत्र छापलंत तर फोटो पूर्ण छापा. मधोमध टोपी हातात धरून बसलेत ते मामा. वाचकांपैकी कुणाला त्यांचं पूर्ण नाव माहीत असेल तर कृपया तुमच्याकडे कळवावं.

आपला,
एक माजी विद्यार्थी (मागच्या ओळीत डावीकडून तिसरा)

ता.क. तुमच्या वेबसाइटवरच्या जुन्या लेखांच्या लिंका उघडल्या की थेट होमपेज येतं. याबद्दल आधी दोन मेल केलेत, उत्तर नाही.