पाणी ओसरल्यावरचा पहिला आठवडा : मदत व पुनर्वसनमंत्र्यांना खुले पत्र

मा. मदत व पुनर्वसनमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर गेली की सांगलीत इशारा आणि ४५ फुटांवर धोका. २०१९ च्या ऑगस्टात ती ५७ फुटांच्या पुढे गेली, २०२१ च्या जुलैत पुन्हा घरांत शिरली. बोटी कुठे लावायच्या, माणसे कधी हलवायची, याची तयारी आता बरी असते. पाणी ओसरल्यावरच्या पहिल्या आठवड्याची नसते, आणि वस्ती सावरते की विस्कटते हे त्याच आठवड्यात ठरते. आमचे मागणे एकच: त्या आठवड्यात घर नव्हे, गल्ली हे एकक धरा.

चिखलापासूनच बघा. दहा बाय बाराच्या खोलीत चार इंच गाळ म्हणजे ४० घनफूट, शंभरेक घमेली. दोन-दोन खोल्यांची तीस घरे धरली तर एका गल्लीतून चोवीस ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) गाळ निघतो. हा गाळ सोपा काढायची वेळ एकच: पाणी घोट्याएवढे उरले असताना खराट्याने ढवळत राहायचे, म्हणजे गाळ उतरत्या पाण्याबरोबर जातो. एकदा तो सुकला की फरशीवर सिमेंटसारखा बसतो. पण माणसे तेव्हा निवारा केंद्रात असतात. शिवाय सफाई वरच्या टोकाने सुरू झाली तर गटार खाली तुंबलेलेच असते आणि धुतलेला गाळ शेजाऱ्याच्या दारात येतो. आधी नाल्याकडचे तोंड मोकळे करायचे, मग चढत यायचे. ओल्या गाद्यांचा ढीग गल्लीच्या तोंडाशी लागू द्यायचा नाही, नाहीतर ट्रॉली आत येणार कुठून?

चिखलावर ब्लीचिंग पावडर फेकणे हा निव्वळ देखावा आहे. सगळा क्लोरीन त्या घाणीतच खर्च होतो. आधी गाळ काढून धुवायचे, मग पावडर. पाण्याची टाकी घासून भरावी, हजार लिटरला दीडशे ग्रॅम पावडर घालून रात्रभर ठेवावी आणि ते सगळे पाणी सोडून द्यावे. तोंड उघडे राहिलेल्या पोत्यातली पावडर मात्र वापरू नये, तिच्यातला जोर गेलेला असतो.

पंचनाम्यामुळे सफाई अडते, हे मंत्रालयातून दिसत नसावे. पुरावा जाईल या भीतीने लोक भिजलेले सामान बाहेर काढत नाहीत. त्यासाठी भिंतीवर पाण्याची खूण रंगवावी, तारखेसह फोटो घ्यावेत, गल्लीतल्या पाच जणांनी वहीत सह्या कराव्यात आणि ती वही तलाठ्याने ग्राह्य धरावी. मदतीसाठीची २०१९ मधली ‘दोन दिवसांहून जास्त पाणी’ ही अट पुन्हा नको. गाळ दोन तासांतही बसतो. भाडेकरू आणि एका रेशनकार्डावरच्या वेगळ्या चुली यांचीही नोंद वहीत असावी. घरमालकाच्या नावे निघालेला धनादेश भाडेकरूपर्यंत क्वचितच पोचतो.

मदतीत दहा किलो गहू येतो, पण पिठाची गिरणी बुडालेली असते! तिची मोटर उघडायची, वाइंडिंग धुऊन भट्टीत वाळवायचे, व्हार्निश द्यायचे, बेअरिंग बदलायचे: दोन-तीन दिवसांचे काम. गल्लीतला पहिला खर्च गिरणीवर आणि वायरमनवर करा. घरातले बोर्ड वाळलेत आणि अर्थिंग ठीक आहे, हे त्याने तपासल्याशिवाय मेन स्विच चालू होता कामा नये.

निवारा केंद्रातही एका गल्लीची माणसे एकाच शाळेत ठेवा. १९९५ च्या भूकंपानंतर जपानमधल्या कोबे शहरात तात्पुरती घरे सोडतीने दिली, वृद्धांना आधी. हेतू चांगला होता, पण शेजार तुटला आणि एकटी माणसे मेली तरी दिवसेंदिवस कुणाला कळले नाही. २००४ मध्ये निइगाता भागातल्या भूकंपानंतर जपानने वाड्या-वस्त्या एकत्रच हलवल्या.

दर तीस घरांमागे दहा फावडी, वीस घमेली, सहा खराटे, दोन ढकलगाड्या, गमबुटांचे वीस जोड आणि चिखल उपसणारा एक मडपंप ३१ मेपूर्वी मिळावा. हे साहित्य शाळेच्या वरच्या मजल्यावर ठेवा. तळमजल्याच्या गोदामात ठेवले, तर तेच आधी चिखलातून उपसावे लागेल.

आपले,
पूरपट्ट्यातल्या गल्ल्यांत काम करणारे कार्यकर्ते, सांगली