बाई, त्या दहा टक्क्यांबद्दल

प्रिय बाई,

आमच्या नगर जिल्ह्यात शाळेत शिकवणाऱ्या स्त्रीला ‘बाई’ म्हणतात. तुम्ही मला शिकवलंत ते मिनेसोटातल्या आपल्या लुथरन चर्चच्या तळघरात, रविवारच्या उपासनेनंतर, दानार्पणाचे चेक आणि नोटा लांब टेबलावर मांडून. तेव्हापासून मनात मी तुम्हाला बाईच म्हणते. हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण मनापासून आभार मानायला बसले की मराठीच येते. शिवाय माहेरच्या मंडळीतले, म्हणजे तिथल्या चर्चमधले, लोक मला फोनवर विचारत असतात, “तुमच्या चर्चचा पैसा तुम्ही बाहेर का पाठवता?” त्यांनीही हे वाचावं. तुम्हाला मी समोर बसून अर्थ सांगेन.

त्या जानेवारीतली कार्यकारिणीची बैठक तुम्हाला आठवत असेल. बॉयलर बंद पडला होता, बाहेर उणे वीस, आणि आपण सगळे कोट घालून बसलो होतो. मी कार्यकारिणीत नवीन होते. अंदाजपत्रकात एक ओळ दिसली: एकूण अर्पणाचे दहा टक्के सिनॉडला, म्हणजे आपल्या प्रादेशिक संस्थेला. मी म्हटलं, “या वर्षी हे थांबवू. आधी आपलं घर ऊबदार करू, मग दुसऱ्यांचं बघू.” दोघातिघांनी माना डोलावल्या. तुम्ही मला खोडून काढलं नाहीत. “निर्णय पुढच्या बैठकीत घेऊ, तोवर शनिवारी माझ्याबरोबर दोन तास बस,” एवढंच म्हणालात.

माहेरच्यांसाठी इथे थोडं सांगते. आपलं चर्च ‘इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका’ या संस्थेचा भाग आहे. लुथरन म्हणजे सोळाव्या शतकातल्या जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या परंपरेतले. तीन लुथरन संस्था एकत्र येऊन 1 जानेवारी 1988 रोजी तिचं काम सुरू झालं. तिचे 65 सिनॉड आहेत. सिनॉड म्हणजे साधारण आपल्याकडचा धर्मप्रांत, प्रत्येकाला एक बिशप. मंडळी आपल्या अर्पणातला वाटा सिनॉडला पाठवते, सिनॉड त्यातला काही स्वतःच्या कामाला ठेवून बाकीचा शिकागोच्या मुख्य कार्यालयाकडे पाठवतो. वाटा किती असावा हे मंडळी स्वतः ठरवते, सक्तीची वसुली नाही. आणि हा पैसा कुठल्या एका कामाच्या नावाने दिलेला नसतो. भुकेल्यांसाठी, पूरग्रस्तांसाठी वेगळी अर्पणं असतात आणि लोक ती आनंदाने देतात, कारण डोळ्यांसमोर चेहरा असतो. पण पाळकपदाच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूपदाच्या, उमेदवारांची पारख करणं, पाळक घडवणाऱ्या सेमिनरीला हातभार लावणं, भांडणात अडकलेल्या मंडळीकडे कुणाला तरी पाठवणं, नवी मंडळी उभी करणं, यांना चेहरा नाही. हे सगळं त्या बिननावाच्या पैशावर चालतं.

त्या शनिवारी हे तुम्ही सांगितलं नाहीत. तुम्ही फक्त कपाट उघडलंत आणि 1950 च्या दशकातली जुनी इतिवृत्तं माझ्यापुढे ठेवलीत. आपली मंडळी तेव्हा स्वीडिश स्थलांतरितांनी उभ्या केलेल्या ऑगस्टाना लुथरन चर्च या संस्थेत होती. तीसेक कुटुंबं होती, स्वतःची इमारत नव्हती, उपासना शाळेच्या सभागृहात व्हायची. एका पानावर लिहिलं होतं की पाळकाच्या पगाराचा मोठा भाग त्या संस्थेच्या गृह-मिशन निधीतून, म्हणजे देशातच नव्या मंडळ्या उभ्या करण्याच्या निधीतून, येतो. पुढच्या पानावर तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मी पानं उलटत राहिले. ज्या तळघरात मी कोट घालून “आधी आपलं घर” म्हटलं होतं, ते घर ज्यांनी आपल्याला कधी पाहिलंही नव्हतं अशा मंडळ्यांच्या पैशावर उभं राहिलं होतं. तुम्ही शेजारी बसून कॉफी ओतत होता, एक शब्दही बोलला नाहीत. त्या गप्प राहण्याबद्दल मी तुमची सगळ्यात जास्त ऋणी आहे. त्या दिवशी तुम्ही मला समजावू लागला असता तर मी वाद घातला असता.

बॉयलरसाठी आपण वेगळी वर्गणी काढली. मेपर्यंत पैसे जमले. दहा टक्क्यांना हात लावला नाही.

पुढे आपले पाळक दुसऱ्या गावी गेले आणि चौदा महिने आपल्याला पाळक नव्हता. तेव्हा मला या पैशाची वाट प्रत्यक्ष दिसली. तात्पुरते पाळक सिनॉडने सुचवले. नव्या पाळकाच्या निवडीसाठी समिती नेमली, तेव्हा सिनॉडच्या कार्यालयातून एक बाई संध्याकाळी दीड तास गाडी चालवून यायच्या, आमच्याबरोबर बसायच्या, मंडळीला नेमकं काय हवं आहे हे आमच्याच तोंडून काढून घ्यायच्या. त्यांच्या गाडीचं पेट्रोल, त्यांचा पगार, आमच्यापुढे आलेल्या उमेदवारांची आधीच झालेली पारख, सगळं त्या एका ओळीतून आलेलं. काही आपल्या ओळीतून, बरंचसं इतरांच्या.

त्या काळात तुम्ही मला बायबलमधलं पौलाचं करिंथकरांस दुसरं पत्र पुन्हा वाचायला लावलंत, आठवा आणि नववा अध्याय. लहानपणापासून मी ते दानाच्या उपदेशात ऐकत आले होते, पण तो हिशोबाचा मजकूर आहे हे तुमच्यामुळे कळलं. यरुशलेमेतले विश्वासी गरिबीत आहेत, आणि त्यांच्यासाठी मासेदोनियातल्या स्वतःच गरीब असलेल्या मंडळ्या वर्गणी देतात. एकाची विपुलता दुसऱ्याची उणीव भरून काढो, म्हणजे समानता होईल, असा पौलाचा युक्तिवाद आहे. आणि लगेच तो व्यवहाराकडे वळतो: पैसा नेताना आपल्यावर कुणी बोट ठेवू नये म्हणून आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूस पाठवतो. तुम्ही त्या ओळीवर पेन्सिल ठेवून म्हणालात, “म्हणूनच आपण अर्पण कधी एकटीने मोजत नाही.”

लाइस्निगच्या पेटीची गोष्टही तुमचीच. 1523 साली सॅक्सनीतल्या या छोट्या गावाने चर्चच्या उत्पन्नाची सामायिक पेटी केली आणि तिच्या नियमावलीला मार्टिन ल्यूथरने प्रस्तावना लिहिली. पेटीला चार कुलपं: एक किल्ली उमरावांकडे, एक नगरपरिषदेकडे, एक शहरवासीयांकडे, एक शेतकऱ्यांकडे. चौघं जमल्याशिवाय पेटी उघडायची नाही. तीतून पाळकाचा पगार, शाळा, गरिबांची मदत, इमारतींची डागडुजी. दान हा एकट्याच्या पुण्याचा मामला न राहता सगळ्यांच्या जबाबदारीचा झाला, तो असा.

एक गोष्ट तुम्ही फार हळू आवाजात सांगितलीत. 2009 साली आपल्या संस्थेच्या मिनियापोलिसमधल्या महासभेने समलिंगी नात्यात एकनिष्ठपणे राहणाऱ्यांनाही पाळक होऊ देण्याचा निर्णय घेतला, त्यानंतर अनेक मंडळ्या बाहेर पडल्या, काहींनी राहूनही पैसे थांबवले. आपल्या मंडळीतही मोठा वाद झाला. त्या वेळी तुमचं स्वतःचं मन महासभेच्या बाजूने नव्हतं. तरी तुम्ही दर महिन्याला चेक पाठवत राहिलात. “मतभेद मी सभेत उभी राहून मांडले,” तुम्ही म्हणालात, “सेमिनरीतल्या मुलांनी माझं काय वाईट केलं होतं?” मी त्या निर्णयाच्या बाजूची आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच तुमचं हे वागणं माझ्या मनात घर करून बसलं आहे.

आता जे तुम्हाला कधी सांगितलं नाही ते सांगते. माझं माहेर अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतलं, लुथरन नव्हे. आजी दळायला बसली की मूठभर बाजरी बाजूच्या मडक्यात टाकायची, ती चर्चची. कापणीच्या सणाला मडकं चर्चमध्ये रिकामं व्हायचं, धान्याचा लिलाव व्हायचा. ते पैसे पुढे कुठे गेले, हे तिने कधी विचारलं नाही. लुथरन मी लग्नानंतर झाले, कारण सासर गुंटूरचं, आंध्र इव्हँजेलिकल लुथरन चर्चमधलं. पेनसिल्व्हेनियाच्या लुथरन मंडळ्यांनी पाठवलेले हायर नावाचे पाळक 1842 साली गुंटूरला पोचले. 1883 साली तिथे अमेरिकन मिशनरी डॉक्टर ॲना कुगलर आल्या. अमेरिकेतल्या लुथरन स्त्रियांच्या वर्गण्यांमधून 1890 च्या दशकात त्यांचं रुग्णालय उभं राहिलं, पुढे त्याला त्यांचंच नाव मिळालं. माझ्या सासूबाई त्या रुग्णालयात परिचारिका होत्या. त्यांच्या पगारावर माझा नवरा शिकला आणि त्या शिक्षणाच्या बळावर आम्ही मिनेसोटाला आलो. हे मला आधीपासून माहीत होतं. पण त्या जानेवारीच्या बैठकीत मी दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्याच नव्हत्या. त्या शनिवारी, इतिवृत्तं मिटल्यावर, पार्किंगमधल्या गाडीत बसून ठेवल्या, आणि बराच वेळ गाडी सुरू केली नाही.

गेल्या महिन्यात तुम्ही हिशोबाची वही आणि कपाटाची किल्ली माझ्या हातात दिलीत. या महिन्याचा सिनॉडचा चेक मी लिहिला, मोजायला दुसरी व्यक्ती शेजारी होती. रक्कम तुम्ही ठरवून दिलेलीच आहे. पुढच्या अंदाजपत्रकात अर्धा टक्का वाढवण्याची सूचना मी मांडणार आहे, तेव्हा तुम्ही बैठकीला याल ना?

आणि सासूबाईंना तुमच्याशी बोलायचं आहे. मी त्यांना सगळं सांगितलं आहे. रविवारी सकाळी त्या चर्चला निघण्याआधी फोन करणार आहेत, म्हणजे आपल्याकडे शनिवारी रात्री नऊच्या सुमारास. त्यांचं इंग्रजी सावकाश असतं, पण चांगलं आहे. मी तुमच्याकडे साडेआठला येते.

तुमची,
नवी खजिनदार