आधी कल्ले तपासा, मग औषध

शेततळ्यांतील मत्स्यशेतीवरचा आपल्या अंकातील लेख वाचला. मासे पहाटे वर येऊन धापा टाकू लागले की प्रतिजैविके द्यावीत, हा त्यातील सल्ला मात्र पटला नाही.

मुरबाडजवळच्या आमच्या तळ्यात कटला माशाची बोटुकली (बोटभर लांबीची पिल्ले) अशीच वर आली होती. दुकानातून मिळालेल्या प्रतिजैविकात आठवडा गेला, मासे मरतच राहिले. शेवटी एकाचे कल्ल्यावरचे झाकण उचलले. लालभडक असायला हवेत ते कल्ले फिकट आणि बुळबुळीत चिकट्याने माखलेले. सूक्ष्मदर्शकाखाली आकड्यांनी रुतून बसलेले डॅक्टिलोगायरस कृमी दिसले. प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, कृमींवर नाही.

तो चिकटा हा माशाचा स्वतःचा बचाव असतो, पण अति झाला की त्यानेच श्वास कोंडतो. तळ्यात दाटी झाली, अमोनिया वाढला की ताणाने प्रतिकारशक्ती खचते. शिवाय मासा थंड रक्ताचा, त्यामुळे हिवाळ्यात ती आणखी मंदावते. तळ्यांना अनुदान मिळते, तसा मुरबाड, शहापुरात कल्ले तपासायला एक सूक्ष्मदर्शक आणि तो हाताळणारा माणूसही मिळावा.

– एक मत्स्यशेतकरी, मुरबाड (जि. ठाणे)