उत्तर मिळेपर्यंत प्रश्न कोण विचारणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

टीव्हीवरच्या राजकीय चर्चांविषयीचा लेख कालच्या अंकात वाचला. लेखकाने सगळं खापर पक्षांच्या प्रवक्त्यांवर फोडलं आहे. प्रवक्ता अडचणीचा प्रश्न टाळणारच, पक्षाने त्याला त्यासाठीच पाठवलेलं असतं. त्याला प्रश्नावर परत आणायचं काम सूत्रसंचालकाचं. त्याच्याबद्दल लेखात एक ओळही नाही, याचा संताप आला म्हणून लिहितो आहे.

२०२४च्या विधानसभेच्या प्रचारात एका मराठी वाहिनीने आमच्याकडे बाजार समितीच्या आवारात चर्चा ठेवली होती. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि आडतीवर त्याच्या कितीतरी खाली सौदे होत होते. एकीकडून ६ हजारांचं आश्वासन, दुसरीकडून ७ हजारांचं. माईक माझ्याकडे आला तेव्हा मी विचारलं, ‘ओलावा १२ टक्क्यांच्या वर आहे म्हणून खरेदी केंद्र माल परत पाठवतंय. माल घेतच नसाल तर सहा काय नि सात काय?’ सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते लाडकी बहीण योजनेवर बोलू लागले. मी म्हटलं, ‘साहेब, ओलाव्याचं सांगा.’ तेवढ्यात अँकरने ‘काका, तुमचा मुद्दा आला’ म्हणत माईक काढून घेतला आणि विरोधी प्रवक्त्याला ‘बटेंगे तो कटेंगे’वर बोलायला लावलं. मग शेवटपर्यंत त्या घोषणेवरच हमरीतुमरी. सोयाबीनचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. माझा मुद्दा आला, पण उत्तर कुठे आलं? त्याच महिन्यात केंद्राने ओलाव्याची मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत वाढवली. म्हणजे प्रश्नात तथ्य होतं. पण तोवर नडलेल्यांनी पडेल भावात माल घालून टाकला होता.

ज्याची बोलण्याची पाळी नाही त्याचा माईक बंद करण्याचा उपाय लेखकाने सुचवला आहे. २७ जून २०२४च्या बायडेन-ट्रम्प चर्चेत सीएनएन या अमेरिकी वाहिनीने तेच केलं. गोंगाट थांबला, हे खरं. पण मला त्या चर्चेतली दुसरीच गोष्ट मोलाची वाटली. निवडणुकीचा निकाल मान्य कराल का, असं सूत्रसंचालक डॅना बॅश यांनी ट्रम्प यांना विचारलं. ते भलतीकडे वळले, तेव्हा बाईंनी तोच प्रश्न परत विचारला, तिसऱ्यांदाही विचारला. निवडणूक न्याय्य झाली तर मान्य करीन, एवढं तरी ट्रम्प यांच्या तोंडून निघालं. धडधडीत खोटी विधानं त्या चर्चेत तिथल्या तिथे खोडली गेली नाहीत, तो दोष आहेच. तरी आवाज न चढवता तोच प्रश्न तीनदा विचारणारा अँकर आमच्या वाहिन्यांवर मला दिसलेला नाही. इथे सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच असतो, आणि चर्चा रंगात आली की ब्रेक.

चर्चेत कोणी द्वेषाचं बोलू लागलं तर त्याला तिथेच थांबवणं हे अँकरचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ सालीच सुनावलं होतं. संपादकांनी तरी अँकरला मोकळं सोडू नये.

आणखी एक. आपल्या जिल्हा पुरवणीत बाजार समितीचे भाव रोज येत, ते हल्ली कधी येतात, कधी येत नाहीत. आले तरी आवक दिलेली नसते. आवक कळल्याशिवाय माल आज न्यावा की थांबावं, ते ठरवता येत नाही. कृपया ते पूर्वीसारखे रोज द्यावेत.

आपला,
एक सोयाबीन उत्पादक वाचक, जि. लातूर