‘सर्व्हरवर ताण’ आला, पण नेमका कुठे?

महोदय,

निकालाचा दिवस असो की प्रवेशअर्जाची शेवटची तारीख, संकेतस्थळ बसलं की बातमीत ‘सर्व्हरवर ताण आल्याने’ एवढंच कारण छापून येतं आणि पाठोपाठ क्षमता वाढवल्याचं निवेदन. सर्व्हर लिनक्सचा असेल तर ताण कुठे आला हे पाहणं अर्ध्या तासाचंही काम नाही. ते न पाहता यंत्रं वाढवणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

सुरुवात दर सेकंदाला यंत्राचे आकडे दाखवणाऱ्या ‘व्हीएमस्टॅट १’ या कमांडने करावी. पहिली ओळ सोडून द्यावी, ती यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. ‘यूएस’ रकाना ॲप्लिकेशनचा वेळ दाखवतो, ‘एसवाय’ कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा), ‘डब्ल्यूए’ डिस्कची वाट पाहत रिकामा गेलेला. लोड ॲव्हरेजवर, म्हणजे चालू वा खोळंबलेल्या कामांच्या सरासरी संख्येवर, विसंबू नये. लिनक्स त्यात डिस्कपाशी अडकलेल्या ‘डी’ अवस्थेतल्या प्रोसेसही (चालू प्रोग्रॅम) धरतं, त्यामुळे लोड ४० आणि सीपीयू निवांत, असं सहज घडतं. एकूण सरासरीही फसवी. आठ कोअरच्या (सीपीयूतल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांच्या) यंत्राचा वापर जेमतेम १३ टक्के दिसतो, तेव्हा एक कोअर पूर्ण भरलेला आणि सात मोकळे असू शकतात. नेटवर्क कार्डाचे सगळे इंटरप्ट (सीपीयूचं लक्ष वेधणारे संकेत) एकाच कोअरवर पडले की हेच होतं. ‘एमपीस्टॅट -पी ऑल १’मधला (पी कॅपिटल) ‘सॉफ्ट’ रकाना ते उघडं पाडतो. इथे कोअर वाढवले तर नवे कोअरही बसूनच राहणार.

‘एसवाय’ चढा असेल तर ‘पर्फ’ वापरावं. सीपीयूचा वेळ कोणत्या फंक्शनमध्ये जातो, ते हे साधन नमुने घेऊन दाखवतं. २००९च्या २.६.३१ आवृत्तीपासून ते कर्नलच्या सोर्समध्येच आहे. ऐन गर्दीत, रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून, ‘पर्फ रेकॉर्ड -एफ ९९ -ए -जी -- स्लीप ३०’ (एफ कॅपिटल) चालवावं आणि मग ‘पर्फ रिपोर्ट’. सेकंदाला १०० ऐवजी ९९ नमुने अशासाठी, की ठरावीक ठेक्यात चालणाऱ्या कामांशी ताल जुळून नमुने एकाच जागी पडू नयेत. यादीत ‘नेटिव्ह_क्यूड_स्पिन_लॉक_स्लोपाथ’ वर आलं, तर कोअर एकमेकांच्या लॉकसाठी (सामायिक डेटाला एका वेळी एकालाच हात लावू देणाऱ्या कुलपासाठी) ताटकळताहेत. दोष त्या फंक्शनचा नाही. त्याला कोण बोलावतंय हे कॉल चेन उघडून पाहावं. अशा ठिकाणी जास्त कोअर म्हणजे जास्त खोळंबा.

क्लाउडवर आणखी एक खाचखळगा आहे. बऱ्याच आभासी यंत्रांना हार्डवेअर काउंटर (सीपीयूतले घटना मोजणारे गणक) मिळत नाहीत, मग पर्फ टायमरवर नमुने घेतं. कर्नलने इंटरप्ट बंद ठेवले असतील तेवढा वेळ नमुना पडतच नाही. ते पुन्हा चालू होताच पडतो. त्यामुळे खापर ‘रॉ_स्पिन_अनलॉक_आयआरक्यूरिस्टोर’वर फुटतं. चोर सोडून संन्याशाला फाशी! हे नाव वर दिसलं तर त्याच्या आधीचा कोड तपासावा.

झोपलेल्या, म्हणजे कशाची तरी वाट पाहत थांबलेल्या, प्रोसेस या नोंदीत येत नाहीत, त्यासाठी ‘पर्फ शेड’ (sched) आहे.

संकेतस्थळ बसलं की पहिला हात रीस्टार्टकडे जातो आणि पुरावा तिथेच संपतो. त्याआधी तीस सेकंदांची नोंद घेऊन ठेवायला काय हरकत आहे? फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडायची असेल तर ‘पर्फ आर्काइव्ह’ने केलेला गठ्ठाही सोबत न्यावा, नाहीतर फंक्शनच्या नावांऐवजी नुसते मेमरीतले पत्ते दिसतात. बातमीदारांनी पुढच्या वेळी निवेदन देणाऱ्याला एवढंच विचारावं : तेव्हा ‘एसवाय’ किती होता, आणि नोंद कुठे आहे?

— एक सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर, पुणे